पान चकाकते तेव्हा : कागद, पडदा आणि वाचकाचे डोळे

१/ पडद्यावर वाचले की डोळे शिणतात आणि कागदावर वाचले की शिणत नाहीत, हे आज गृहीतच धरले जाते. ई-रीडर विकणाऱ्या कंपन्याही आपल्या उपकरणाची थोरवी सांगताना ‘अगदी कागदासारखे’ एवढेच म्हणतात. पण अडीचशे वर्षांपूर्वी हीच तक्रार कागदाविरुद्ध होत होती. डोळ्यांना सुखावणारे पान निसर्गतः मिळालेले नाही, ते घडवावे लागले. त्या घडणीचा, आणि ई-रीडरच्या पडद्याने पुन्हा गिरवलेल्या त्याच धड्यांचा हा इतिहास. #इतिहास #धागा

२/ सुरुवात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथून. जॉन बास्करव्हिल हा मूळचा सुलेखनाचा शिक्षक. पुढे रोगण चढवलेल्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि मग तो मुद्रणाकडे वळला. १७५७ साली त्याने रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या काही भागासाठी त्याने नव्या प्रकारचा कागद वापरला. साच्यातील तारांच्या रेघा त्यावर उमटलेल्या नव्हत्या. शिवाय छापलेले ताव तो तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढी. शाई गडद काळी, अक्षरे रेखीव आणि पान रेशमासारखे गुळगुळीत.

३/ युरोपातल्या जाणकारांनी या पुस्तकाची वाखाणणी केली. आक्षेपही लगेच आले. अक्षरांतील बारीक रेषा फारच बारीक आहेत आणि कागदाची झळाळी डोळे दिपवते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. रोगणाच्या कारखानदाराने पुस्तकालाही रोगणाची तकाकी आणली, हे त्याच्या चाहत्यांना जितके आवडले तितकेच विरोधकांना खुपले.

४/ बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक होता. १७६०च्या सुमारास त्याने बास्करव्हिलला एका पत्रात एक गंमत कळवली. एका गृहस्थाने त्याच्याकडे तक्रार केली की, हा बास्करव्हिल साऱ्या देशातील वाचकांना आंधळे करून सोडणार. फ्रँकलिनने त्याच्यापुढे अक्षरांचे एक नमुनापत्र ठेवले आणि ते बास्करव्हिलचेच असल्याचे भासवले. गृहस्थाने त्यात भराभर दोष काढले, डोळे दुखत असल्याचेही सांगितले. वास्तविक ते नमुनापत्र विल्यम कॅस्लनचे होते, फक्त वरचे नाव फाडून टाकलेले. गृहस्थ जन्मभर वाचत आला होता ती हीच अक्षरे. त्याला शरमिंदा करायला नको म्हणून फ्रँकलिनने खरे सांगितले नाही.

५/ या किश्श्यात वाचनसुखाच्या इतिहासातील मोठी अडचण आहे. डोळ्यांचा काही त्रास खरोखर पानामुळे होतो, तर काही अनोळखीपणामुळे. सवयीचे ते सुखकर वाटते आणि नवे ते बोचते. त्यामुळे ‘डोळे दुखतात’ एवढी साक्ष पुरेशी ठरत नाही. पानामध्ये नेमके काय घडते हे पाहावे लागते.

६/ खडबडीत पृष्ठभागावर पडलेला उजेड सर्व दिशांना विखुरतो. गुळगुळीत पृष्ठभाग मात्र तो आरशाप्रमाणे एकाच दिशेला परत पाठवतो. वाचकाचा डोळा नेमका त्या दिशेला असला, तर खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब अक्षरांवर पसरते. अशा वेळी काळी शाई काळी दिसत नाही, करडी दिसते. अक्षर आणि पान यांतील फरक पुसट होतो आणि वाचक नकळत मान वाकडी करतो, पान तिरके धरतो. चकाकीचा त्रास म्हणतात तो हा.

७/ आपल्याकडेही कागद गुळगुळीत करण्याची कला जुनी. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागझीपुरा ही दख्खनमधील हातकागदाची नावाजलेली केंद्रे. कागदाला खळ लावून, वाळवून, तो गुळगुळीत दगडाने घोटत. घोटलेल्या कागदावर बोरू सरसर चालतो आणि शाई फुटत नाही. म्हणजे ही तकाकी होती लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी. वाचणाऱ्याची सोय हा वेगळा प्रश्न होता, आणि या दोन सोयी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही.

८/ पोथ्यांच्या कागदाला काही ठिकाणी हरताळाचा पिवळा रंगही देत. हरताळ हे आर्सेनिकचे खनिज, त्यामुळे कीड लागत नसे. लिहिताना चूक झाली तर त्याच हरताळाचा लेप अक्षरावर देऊन वर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत आला तो इथूनच. पानाचा पिवळेपणा इथे डोळ्यांसाठी नव्हता. तो डोळ्यांसाठी हवा की नको, हा प्रश्न एका गणितज्ञाने पुढे प्रयोगाने सोडवू पाहिला.

९/ तो गणितज्ञ म्हणजे चार्ल्स बॅबेज. आकडेमोड करणारी यंत्रे आखणाऱ्या बॅबेजला लॉगरिथमच्या कोष्टकांची चिंता होती. हजारो आकडे वाचताना डोळे थकले की चूक होणार, आणि चूक झाली की जहाजाचा मार्गही चुकू शकणार. १८३१ साली त्याने कोष्टकांचा नमुना १५१ वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर आणि १० रंगांच्या शायांत छापून घेतला. २१ खंडांच्या या ग्रंथाची प्रत एकच. कागद आणि शाईची कोणती जोडी डोळ्यांना सर्वांत कमी थकवते, हे शोधणे हा एकमेव हेतू. वाचनसुख हा मोजण्याजोगा विषय आहे, हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

१०/ यानंतर चिंता कोष्टकांवरून मुलांकडे वळली. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन याने १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले आणि १८६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीची मुले सुमारे १.४ टक्के, तर उच्च शिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या जिम्नॅशियम शाळांत सुमारे २६ टक्के. जितके शिक्षण अधिक तितका चष्मा अधिक. कोनने दोष दिला तो वर्गातील अपुऱ्या उजेडाला, बेढब बाकांना आणि खराब छपाईला. लघुदृष्टीच्या कारणांबद्दल आजचे शास्त्र घराबाहेरच्या उजेडाचा अभावही महत्त्वाचा मानते. पण त्या आकड्यांनी पाठ्यपुस्तकाचे पान हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला.

११/ नेमक्या त्याच काळात छपाईचे तंत्र उलट दिशेने चालले होते. १८८०च्या दशकानंतर छायाचित्रे बारीक ठिपक्यांच्या साहाय्याने थेट छापता येऊ लागली. हे ठिपके खरखरीत कागदावर नीट उमटत नाहीत. म्हणून चिनी मातीचा लेप दिलेला, रुळांखालून काढलेला चकचकीत कागद पसरला. चित्रांना तो उत्तम, मजकुराला त्रासाचा. चित्र आणि मजकूर एकाच पानावर असले की मजकुराच्या वाट्याला चकाकी यायची.

१२/ फ्रान्समधील एमिल झाव्हाल याने वाचनाची सर्वांगीण चिकित्सा केली. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो थांबत-थांबत, झटक्यांनी पुढे जातो, हे त्याच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून पुढे आले. किंचित पिवळसर कागद वापरावा, हाही त्याचा आग्रह. स्वतः झाव्हालची दृष्टी काचबिंदूने १९००च्या सुमारास गेली. वाचन आणि लेखनाच्या शरीरशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला. इतरांचे वाचन सुखाचे व्हावे म्हणून लिहिलेले ते पुस्तक त्याला स्वतःला वाचता येणार नव्हते.

१३/ १९१३ साली ब्रिटिश असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेच्या समितीने शालेय पुस्तके आणि दृष्टी यांवर अहवाल दिला. वयानुसार अक्षरांचा आकार, ओळींची लांबी, ओळींमधील अंतर यांसोबत कागदाच्या चकाकीचाही विचार त्यात होता. शाळेच्या पुस्तकाचे पान आरशासारखे वागू नये, ही मागणी आता शास्त्राच्या भाषेत मांडली गेली. आज कादंबरीचे जे मंद, किंचित पिवळसर पान ‘नैसर्गिक’ वाटते, त्याच्यामागे मतभेदांचा आणि प्रयोगांचा एवढा वारसा आहे.

१४/ मग पडदा आला आणि अडचण दुहेरी झाली. संगणकाचा जुना, काचेच्या नळीचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. शिवाय त्याची फुगीर काच खोलीतील दिवे आणि खिडक्यांचे प्रतिबिंब दाखवते. खोलीत उजेड जास्त तितकी अक्षरे फिकी. नव्वदच्या दशकात भारतीय बँका आणि कचेऱ्यांत संगणकाच्या तोंडावर काळसर जाळीची किंवा काचेची चौकट अडकवलेली दिसे. तिला सगळे ‘अँटी-ग्लेअर’ म्हणत. बास्करव्हिलच्या टीकाकारांना तिचे प्रयोजन समजावून सांगावे लागले नसते.

१५/ पडदा कागदासारखा करण्याचे स्वप्न मात्र आधीपासूनच पडू लागले होते. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदाच्या तावासारखा उभा होता आणि अक्षरे पांढऱ्यावर काळी. याच केंद्रातील निक शेरिडन याने सत्तरच्या दशकात निराळा मार्ग धरला. अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असे सूक्ष्म गोळे विजेने फिरवायचे. पडद्याने स्वतः प्रकाश टाकायचा नाही, खोलीतला उजेडच परत पाठवायचा. कंपनीचा जीव छपाईच्या यंत्रांत गुंतलेला असल्याने हे काम तेव्हा बाजूला पडले.

१६/ पडद्यावरचे वाचन खरोखर संथ होते का, आणि का, याचा तपास आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी केला. १९८७ साली त्यांचे दोन शोधनिबंध आले. पहिल्यात त्यांनी अंतर, कोन, अक्षराचे वळण असे घटक एकेक करून तपासले. एकाही घटकाने संथपणाचा उलगडा होईना. दुसऱ्यात मात्र अक्षरांच्या कडा मऊ केलेल्या, पांढऱ्यावर काळे, अधिक स्पष्ट पडदा असे सगळे एकत्र जुळवले, तेव्हा वाचनाचा वेग कागदाइतकाच झाला. दोष ‘पडदा’ या जातीचा नव्हता, अनेक लहान उणिवांच्या बेरजेचा होता.

१७/ कागदासारख्या पडद्याची दुसरी वाट जपानमधून निघाली. मात्सुशिता कंपनीच्या इसाओ ओता याने १९६९च्या सुमारास द्रवात तरंगणारे विद्युतभारित रंगकण वीजदाबाने पुढे-मागे हलवण्याची कल्पना मांडली. कण पुढे आले की रंग दिसे, मागे गेले की लपे. पण कण गोळा होत, तळाशी बसत, आणि पडदा लवकर निकामी होई.

१८/ तोडगा निघाला अमेरिकेतील एमआयटीत. जोसेफ जेकबसन आणि त्याचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी हे कण केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांत कोंडले. कुपी लहान असल्याने कण फार भरकटू शकत नाहीत. १९९७ साली ‘ई इंक’ कंपनी स्थापन झाली, १९९८ साली ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे कागदाला शुभ्रता देण्यासाठी वापरतात त्याच द्रव्याचे. मजकूर एकदा उमटला की तो टिकवायला वीज लागत नाही. कारण इथे काहीच पेटलेले नसते.

१९/ एप्रिल २००४ मध्ये जपानात सोनीचे ‘लिब्रिए’ आले. हा पडदा वापरणारे ते पहिले ग्राहकोपयोगी वाचनयंत्र. उन्हात पडदा उत्तम दिसे, पण विकत घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी बंद होई. डोळ्यांची सोय साधली आणि वाचकाच्या हक्काची गैरसोय झाली. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉनने ३९९ डॉलरला ‘किंडल’ आणले आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्याचा पडदा केवळ चार करड्या छटा दाखवी. त्या काळचे हे पडदे साध्या पांढऱ्या कागदाच्या निम्म्याच्या आसपासच उजेड परत पाठवत. चकाकी नव्हती, पण शुभ्रताही नव्हती.

२०/ २०१० साली आयपॅड आला आणि सामना थेट झाला. किंडलच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत जलतरण तलावाकाठी एक माणूस चकचकीत पडद्याकडे डोळे बारीक करून पाहतो आणि शेजारची स्त्री गॉगल लावून निवांत वाचत असते. विकला जात होता तो ‘उन्हात वाचता येणे’ हा गुण. कागदाला त्यासाठी कधी जाहिरात करावी लागली नव्हती.

२१/ पण ई-रीडरनेही चकाकी ओढवून घेतली. २००८च्या सोनीच्या ‘पीआरएस-७००’ या यंत्रात बोटाने पाने उलटण्यासाठी पडद्यावर स्पर्श ओळखणारा पारदर्शक थर दिला होता. तो थर चकाकू लागला आणि अक्षरे फिकी झाली. २०१०च्या मॉडेलांत सोनीने तो थर काढून कडेने अवरक्त किरणांची जाळी बसवली. बोट त्या किरणांना अडवते आणि यंत्राला स्पर्श कळतो. पान मोकळे झाले. घोटीव कागदाप्रमाणे इथेही हाताची सोय आणि डोळ्यांची सोय एकमेकींच्या आड आल्या होत्या.

२२/ दुसरी अडचण अंधाराची. जो पडदा बाहेरचा उजेड परत पाठवतो, तो अंधारात आंधळा. २०१२ साली बार्न्स अँड नोबलचे ‘नूक’ आणि पाठोपाठ ‘किंडल पेपरव्हाइट’ यांनी कडेला लहान दिवे बसवून त्यांचा उजेड पारदर्शक थरातून पानावर सोडला. तो पानावर पडतो आणि विखुरून डोळ्यांकडे येतो. मोबाइलमध्ये दिवा मजकुराच्या मागे असतो, इथे तो पुढे असतो. २०१६ साली ‘कोबो ऑरा वन’मध्ये आणि २०१९ साली ‘किंडल ओएसिस’मध्ये हा उजेड पिवळसर करण्याची सोय आली. झाव्हालच्या पिवळसर पानानंतर शतकभराने वाचक पुन्हा तोच रंग निवडू लागला, या वेळी मुख्यतः झोपेच्या काळजीने.

२३/ ती काळजी निराधार नाही. अमेरिकेतील एका प्रयोगात १२ जणांना झोपण्यापूर्वी काही दिवस आयपॅडवर व काही दिवस छापील पुस्तकातून वाचायला दिले. प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचले तेव्हा झोप लागायला सुमारे १० मिनिटे अधिक लागली. मात्र पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याला कायमची इजा होते, याला पुरावा नसल्याचे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना सांगते. झोप बिघडणे आणि डोळे बिघडणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

२४/ थकव्याबद्दलचे निष्कर्ष तर परस्परविरोधी. २०१२च्या एका अभ्यासात प्रकाश फेकणारा पडदा आणि ई इंक यांत फरक आढळला नाही. तंत्रज्ञानाच्या प्रकारापेक्षा प्रतिमेचा दर्जा महत्त्वाचा, असे त्या संशोधकांचे मत पडले. २०१३च्या दुसऱ्या अभ्यासात दीर्घ वाचनानंतर प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर थकवा अधिक, तर ई इंक आणि कागद जवळपास सारखे निघाले. वाचकांची संख्या तिथे १२च होती. गूल्डचा धडा इथेही लागू पडतो. एकच कारण शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

२५/ मराठी वाचकासाठी या कहाणीचा एक निराळा पदर आहे. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. देवनागरीला स्पष्ट पडदा अधिकच लागतो. अनुस्वाराचा ठिपका, रफार, जोडाक्षरातील अर्धे अक्षर पुसट झाले की शब्द अडतो. इंचाला १६७ ठिपक्यांवरून ३०० ठिपक्यांपर्यंत गेलेल्या पडद्यांनी ही गैरसोय कमी केली. पण अनेक जुनी मराठी पुस्तके आजही फक्त पानांच्या छायाचित्रांच्या पीडीएफ रूपातच मिळतात. सहा इंची पडद्यावर ते पान आक्रसते, मूळ कागदाचा जुनाट पिवळेपणा करड्या डागांत बदलतो, आणि चकाकीविरहित पडद्याचा सारा लाभ वाया जातो.

२६/ परिणाम असा की, इतिहासाचा विद्यार्थी दुर्मीळ ग्रंथ रात्री मोबाइलवर, बोटांनी मोठा करत, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत वाचतो. त्याचे डोळे थकतात आणि दोष ‘पडद्याला’ दिला जातो. वास्तविक उणीव असते ती मजकूर नीट टंकून, तपासून, हव्या त्या आकारात वाचता येईल अशा रूपात न आणण्याची. १९१३च्या समितीने शाळकरी मुलांच्या पुस्तकांसाठी जी काळजी घेतली, ती मराठीच्या जुन्या ग्रंथांच्या वाट्याला अजून पुरेशी आलेली नाही. हे काम कोणत्याही यंत्राच्या पुढच्या मॉडेलने होणार नाही. ते माणसांना बसून करावे लागेल.

२७/ तोवर एक साधी चाचणी. गुळगुळीत मासिकाचे पान, शाळेचे पुस्तक, मोबाइल आणि जमल्यास ई-रीडर खिडकीपाशी शेजारी-शेजारी ठेवावेत आणि हळूहळू तिरके करावेत. कुठे खिडकी दिसू लागते आणि कुठे अक्षरेच दिसत राहतात, हे पाहावे. मासिकाचा कागद कदाचित मोबाइलच्या रांगेत जाऊन बसेल आणि ई-रीडर शाळेच्या पुस्तकाच्या. धागा समाप्त.